पोटरीचं माप

बर्फ वितळून डोंगराची वाट मोकळी झाली, की तोचिकुरा गावातल्या हमालांच्या बायका सुईदोरा काढून बसायच्या. नवऱ्याला पुढ्यात बसवायचं, त्याच्या पोटरीला दोन्ही हातांचा विळखा घालायचा, अंगठ्याला अंगठा लावायचा आणि समोरून तर्जन्या एकमेकींना भिडायला किती अंतर उरतं ते पाहून त्या वर्षीच्या पायपट्ट्या बेतायच्या. मोजपट्टी घरोघरी होती, पण तिला कोणी विचारत नसे. दोन बोटं अंतर उरलं तर बरा गडी, तीन उरलं तर चांगला. होशी तोमेकिचीच्या पोटरीला हात्सुएचा विळखा चार बोटं अपुरा पडायचा, आणि हे ती शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची.

गावात निम्मी घरं होशी आडनावाची, त्यामुळे आडनावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. तोमेकिचीला सगळे तोमे म्हणत, पुढे तोमे आजोबा म्हणू लागले. काम काय, तर दलदलीपलीकडे डोंगरावर जी विश्रामगृहं आहेत, तिथे तांदूळ, सोयाबीन आंबवून केलेला मिसो, कोबी, रॉकेल, बिअरच्या बाटल्या, जे लागेल ते पाठीवर नेऊन पोचवायचं. नऊ किलोमीटर वाट. अर्धी चढाची, अर्धी दलदलीवर टाकलेल्या फळ्यांची. पाठीवर शोइको, म्हणजे खांद्याला पट्टे लावलेली लाकडी चौकट, आणि तिच्यावर डोक्याच्याही वर हातभर रचलेले खोके. तरुणपणी त्याने एका खेपेला नव्वद किलो नेलं होतं. लोक शंभर सांगायचे. तो स्वतः नव्वदच सांगायचा, कारण वजनाच्या बाबतीत थापा मारणाऱ्या हमालाबद्दल त्याला मनापासून तिटकारा होता.

या कामात एक नियम सगळे पाळायचे. वाटेत बसायचं नाही. दम लागला की हातातली टेकूची काठी, जिच्या डोक्याला आडवी दांडी बसवलेली असते, ती मागे शोइकोखाली लावायची, भार तिच्यावर सोडायचा आणि उभ्याउभ्याच ओठांचा चंबू करून फुऽऽ असा लांब श्वास सोडायचा. खाली बसलेल्या हमालाला एवढं ओझं घेऊन परत उठता येत नाही, एवढं साधं कारण. धुकं असलं की दलदलीवर माणूस दिसायच्या आधी तो फुऽऽ ऐकू यायचा, आणि नुसत्या आवाजावरून समोरून कोण येतंय ते कळायचं.

हात्सुएही काही नाजूक बाई नव्हती. लग्नाआधी ती वडिलांबरोबर कोळशाची पोती वाहायची. तोमेकिचीने तिला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, चढावर. पाऊण तास मागे चालूनही तिला गाठता आलं नाही, म्हणून घरी जाऊन आईला सांगितलं की हिच्याशी लग्न करतो, असं तो दोन पेले पोटात गेले की सांगायचा. हात्सुए म्हणायची, मला मागून कोणीतरी धापा टाकतंय हे ऐकू येत होतं, म्हणून मी मुद्दाम जोरात चालले.

संध्याकाळी दोघं गावच्या गरम झऱ्याच्या न्हाणीवर जायची. पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी, मधे लाकडी भिंत, पण ती छतापर्यंत पोचत नाही. नवराबायकोत साबण एकच. आधी हात्सुए अंग धुवायची, मग भिंतीपलीकडून ‘येतोय हं’ असं ओरडून साबण वरून फेकायची, आणि तोमेकिची तो झेलायचा. पन्नास वर्षांत त्याच्या हातून तो किती वेळा निसटला, याचा सगळा हिशेब न्हाणीच्या गल्ल्यावर बसणाऱ्या इवाबाईला तोंडपाठ होता. निघायच्या आधी पुन्हा भिंतीपलीकडून हाक, ‘अहो, मी निघते.’ मग तोही निघायचा. त्या दिवसांची आठवण काढली की वाटतं, सुख म्हणतात ते बहुतेक हेच असावं, आणि ते चालू असताना दोघांपैकी एकालाही त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं.

एकाहत्तराव्या वर्षी गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली आणि तोमेकिचीने शोइको खुंटीला टांगला. मोठा माल तोवर हेलिकॉप्टरने जाऊ लागलाच होता. त्यानंतरची बारा वर्षं तो घरात उपरा असल्यासारखा वावरला. लाकडांची रास एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीला लावायचा आणि आठवड्याने परत पहिलीकडे आणायचा. विचारलं तर म्हणायचा, हवा लागली पाहिजे. हात्सुए ते पाहायची आणि कामाला लागायची. ती शेत बघायची, मुळ्याचं लोणचं घालायची, न्हाणीवर त्याच्या दोन पावलं पुढे चालायची.

मग एका फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला. ती तेव्हा ऐंशीची आणि तो त्र्याऐंशीचा. खालच्या शहरातल्या इस्पितळात ती तीन आठवडे पडून राहिली, आणि घरी आली तेव्हा उंबरठा ओलांडताना तिचे पाय लटपटले. तोमेकिचीने तिथल्या तिथे ठरवलं, की आता हिने काडी उचलायची नाही.

तो शब्दाला जागला, हीच तर पंचाईत झाली. चहा तो करायचा, अंथरूण तो घालायचा, मऊ पेज आणि खारवलेला आलुबुखार तिच्या हातात तो द्यायचा, कारण आजारी माणसाला पेजच देतात हे त्याने आईकडून पाहिलेलं. आणि शोइको खुंटीवरून खाली आला. त्याने त्याला फळीचं बसकण ठोकलं, वर उशी बांधली आणि हात्सुएला पाठीवर घेऊन निघाला. न्हाणीवर, दवाखान्यात, थडग्यांवर फुलं वाहायला, अगदी मत द्यायलासुद्धा. न्हाणीच्या दारापर्यंत तो न्यायचा, आत इवाबाई तिला स्टुलावर बसवून न्हाऊ घालायची, आणि साबण इवाबाईच बाहेरून फिरून आणून द्यायची. गावाने कौतुक केलं. गावच्या बातमीपत्रात फोटो छापून आला, खाली लिहिलं होतं, ‘अजूनही ओझं पेलणारा’. बायका नवऱ्यांना म्हणू लागल्या, बघा जरा, शिका काहीतरी. तोमेकिची बारा वर्षांनी ताठ चालायला लागला.

एक गोष्ट मात्र त्याने कोणाला सांगितली नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पाठीवर वजन घेतलं, त्याला तराजू लागत नाही. एप्रिलमध्ये हात्सुए बेचाळीस किलो होती. मे महिन्यात एक्केचाळीस. जूनच्या शेवटी अडतीस, फार तर साडेअडतीस. त्याच्या खांद्यांना हे पट्ट्यांतून कळत होतं. त्याने मनाशी म्हटलं, वय झालं की माणूस हलकं होतंच, आणि मला पेलतंय तोवर काळजी कसली. खरं सांगायचं तर चढावर ती हलकी लागायची तेव्हा त्याला बरंच वाटायचं. पुढे ही गोष्ट आठवली की त्याला जेवण जात नसे.

जुलैमध्ये तालुक्याच्या आरोग्य खात्यातून कुसाका नावाची परिचारिका गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांची तपासणी करायला आली. तिशीची, बोलायला चटपटीत. तोमेकिची हात्सुएला पाठीवर घेऊन आत शिरला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुसाकाबाईंनी सगळ्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, आपापल्या पोटरीला, जिथे ती सगळ्यात जाड आहे तिथे, दोन्ही हातांच्या अंगठ्यांचा आणि तर्जन्यांचा विळखा घाला. सभागृहात हशा पिकला. हे तर आमच्या बायकांचं जुनं माप, असं कोणीतरी म्हणालं. तोमेकिचीची बोटं अजूनही दोन बोटं अपुरी पडली आणि त्याने ते आजूबाजूला दाखवलं.

मग त्याने शेजारी पाहिलं. हात्सुएची बोटं भिडली होती, आणि तरी पोटरी आणि विळखा यांच्या मधून अंगठा आरपार गेला असता. ती त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. 

दुसऱ्या दिवशी कुसाकाबाई घरी आल्या. हात्सुएला त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. तिला एकदाही उठता आलं नाही. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि काही न लपवता बोलल्या. या वेगाने हिवाळ्यापर्यंत उभंही राहता येणार नाही, बर्फात वाट बंद झाल्यावर इथे कोणी वेळेवर पोचेलच असं नाही, आणि साइतामातल्या मुलीने, तोशिएने, खालच्या शहरातल्या वृद्धाश्रमात आईचं नाव आधीच घालून ठेवलंय. दारी बर्फ यायच्या आत हात्सुए स्वतःच्या पायांनी न्हाणीवर जाऊन येऊ लागली तर घरी राहील, नाहीतर जाईल. तोशिएशी तसं बोलणं झालं होतं.

तोमेकिचीचा चेहरा लाल झाला.

“मी हिला एक पेला उचलू दिला नाही, बाई. एक पेला. आणि तुम्ही म्हणता हिला घेऊन जातो?”

“तेच झालंय आजोबा,” कुसाकाबाई म्हणाल्या. “तुम्ही उचलू दिला नाहीत.”

त्यांनी मग समजावून सांगितलं. स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका नावाचे बारीक बारीक भाग असतात. खाल्लेलं जाळून ताकद तयार करायचं काम त्यांचं. पाय वापरले नाहीत की पेशींना वाटतं, एवढ्यांची गरज काय, मग त्या कमी होतात, उरलेल्या मंद होतात, आणि स्नायू झिजत जातो. वयाने हे सगळ्यांचंच होतं, पण बसून राहिलं की म्हातारं माणूस काही आठवड्यांत जे गमावतं, ते गमवायला एरवी काही वर्षं लागली असती. तोमेकिचीला ते नाव दोनदा विचारूनही धरता आलं नाही. हात्सुए मात्र घरातल्या चौकोनी चुलीकडे बघत होती, जिच्यातला निखारा रोज राखेखाली झाकून सकाळपर्यंत जिवंत ठेवायचं काम तिने साठ वर्षं केलं होतं.

“म्हणजे चुली,” ती म्हणाली.

“हो आजी. चुलीच म्हणा.”

“मग राखेखाली आहे का अजून काही?”

“आहे. ऐंशीतही आहे. पण रोज फुंकावं लागेल, आणि सरपण घालावं लागेल. पेजेवर नाही पेटायच्या त्या.”

बाई गेल्यावर तोमेकिची अंगणाकडे तोंड करून बसला. मग म्हणाला, तू मला सांगायचंस तरी की नको नेऊस म्हणून. तोंड होतं ना तुला.

“सांगणार होते,” हात्सुए म्हणाली. “पहिल्या दिवशीच सांगणार होते. पण अहो, तुम्ही शोइको चढवलात आणि तुमची चालच बदलली. बारा वर्षं मी तुम्हाला ती लाकडं इकडून तिकडे करताना बघत होते. म्हटलं, बसू दे मला पाठीवर. तेवढंच तुम्हाला बरं वाटेल.”

 त्याने तिच्यासाठी ओझं उचललं होतं आणि तिने त्याच्यासाठी ओझं व्हायचं कबूल केलं होतं, आणि या भानगडीत तिचे पाय गेले. दोघांनाही एकमेकांचा एवढा राग आला, की त्या संध्याकाळी न्हाणीवर कोणी गेलं नाही.

सकाळी साडेसहाला रेडिओवर कवायतीचं संगीत लागलं तेव्हा हात्सुए खुर्चीत बसली होती. तोमेकिचीला ताकीद होती की हात लावायचा नाही. त्याने हात पाठीमागे बांधून घेतले. पहिल्या दिवशी ती टेबलाला धरून तीन वेळा उठली आणि चौथ्यांदा मधेच बसली. पेज बंद झाली. सकाळी अंडं, दुपारी तोफू, जमेल तेव्हा ओढ्यातला मासा भाजून. मासे तोमेकिची धरायचा, तेवढं उचलायची परवानगी त्याला होती. भाजायचं आणि काटे काढायचं काम हात्सुएने स्वतःकडे घेतलं, उभ्याने.

चालणं आधी पाण्याच्या हौदापर्यंत. मग तेंदूसारखी फळं येणाऱ्या काकी झाडापर्यंत. ऑगस्टच्या मध्यावर टपालपेटीपर्यंत. तो मागून चालायचा आणि पाठीवर रिकामा शोइको. कुसाकाबाईंनी सांगितलं होतं की तो घरी ठेवा, याने ऐकलं नव्हतं. न जाणो, असं तो म्हणायचा.

आणि ते न जाणो सप्टेंबरात आलंच. ओल्या दगडावरून हात्सुएचा पाय घसरला, गुडघे सोलवटले, फार काही लागलं नव्हतं. पण तोमेकिचीचा जीव एवढा घाबरा झाला, की पुढचे आठ दिवस त्याने तिला पाठीवरच फिरवलं आणि कुसाकाबाईंच्या फोनवर धडधडीत खोटं बोलला, रोज चालतेय म्हणून. नवव्या दिवशी हात्सुए खुर्चीवरून उठायला गेली तर महिन्यापूर्वी सात वेळा उठणारी ती दोनदा उठून थांबली. तिने भिंतीला धरून शोइको गाठला, खुंटीवरून काढला, आणि फरफटत अंगणापलीकडच्या लाकडांच्या खोपटात नेला. पाव तास लागला तिला. तो दारात उभा राहून बघत होता. एकदा मदतीला पुढे झाला तर तिने अशी नजर टाकली, की तो परत दारात गेला.

“आता हा वर माळ्यावर टाका,” ती म्हणाली. “ते तुमचं काम.”

त्याने टाकला. टाकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, शोइकोसाठी का हिच्यासाठी ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मग दिवस मोजणं सुरू झालं. डोंगरमाथा ऑक्टोबरात पांढरा झाला. मग मधला टप्पा. गावात रोज सकाळी सगळे आधी वर बघायचे, बर्फ किती खाली उतरलाय ते, आणि तोमेकिची त्यानंतर खुर्चीकडे बघायचा. पाच वेळा, आठ, दहा. तोशिएचा फोन यायचा, तेव्हा हात्सुए मोठ्याने सांगायची की सगळं ठीक आहे, आणि फोन ठेवून पुन्हा उठबस करायची. वाटेवरच्या जिझोच्या, म्हणजे वाटसरूंना जपणाऱ्या देवाच्या, दगडी मूर्तीपर्यंत ती जाऊन यायला लागली. तिथून पुढे न्हाणीपर्यंत दीडशे पावलांचा चढ, आणि त्या चढाने तिला तीन वेळा परतवून लावलं.

नोव्हेंबरच्या आठ तारखेला कुसाकाबाईंचा फोन आला की परवा येते, वाट उघडी आहे तोवरची शेवटची फेरी. त्याच दिवशी दुपारी हात्सुएने न्हाणीचं बोचकं बांधलं. टॉवेल, कपडे, साबणाची डबी. तोमेकिचीने हात पुढे केला, तिने बोचकं स्वतःच्या खांद्याला अडकवलं. मग दाराआडून त्याची जुनी टेकूची काठी घेतली.

जिझोपर्यंत ठीक झालं. चढावर साठेक पावलांनंतर तिची पावलं आखूड झाली, मग थांबली. पोटऱ्या थरथरताना पायपट्ट्यांवरून दिसत होत्या. पायपट्ट्या त्याच्याच होत्या, जुन्या, तिने स्वतःसाठी आत मारून लहान केलेल्या. तोमेकिचीच्या डोक्यात काही आलं नाही, त्याचं शरीरच पुढे झालं. तो तिच्यापुढे येऊन पाठ करून उकिडवा बसला, दोन्ही हात मागे. साठ वर्षांची सवय ती.

पाठीवर वजन आलं नाही. त्याने मान वळवून पाहिलं. हात्सुएने टेकूची काठी मागे घेतली होती, तिची आडवी दांडी कंबरेखाली लावली होती आणि त्याच्यासारखीच, दलदलीवरच्या हमालांसारखी, तिच्यावर भार सोडून उभी होती. बसली नव्हती. डोळे मिटले होते, ओठांचा चंबू झाला होता.

फुऽऽ.

“उठा,” डोळे न उघडता ती म्हणाली. “वाट अडवून काय बसलात.”

तो उठला. आणखी तीन वेळा ती अशी थांबली. तो मागे उभा राहायचा, रिकाम्या हातांनी, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्याला कळायचं नाही. पण त्या श्वासाचा आवाज ऐकताना त्याला धुकं आठवलं, फळ्या आठवल्या, समोरून येणारे सगळे गडी आठवले, ज्यांतला आता एकही उरला नव्हता. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, पाऊण तास गाठता न आलेली एक पाठमोरी मुलगी.

न्हाणीच्या दारात इवाबाई गल्ल्यावरून अर्धी उठली आणि परत बसली.  हात्सुए बायकांच्या बाजूला गेली. एकटी.

तोमेकिची पुरुषांच्या बाजूला लाकडी स्टुलावर बसला. दुसरं कोणी नव्हतं. स्वतःचा साबण त्याने आणला नव्हता. डोक्यावरून पाणी घेतलं आणि नुसता बसून राहिला. पलीकडे घमेल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. त्याचं अंग गार पडायला लागलं. पाय घसरला असेल का, उठता येत नसेल का, इवाबाईला हाक मारावी का, असं त्याच्या मनात येत होतं, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

“येतोय हं.”

तो उभा राहिला, दोन्ही हात वर करून. भिंतीच्या वरच्या कडेला काहीतरी थडकलं आणि पलीकडेच पडलं. साबण घसरत गेल्याचा आवाज आला. मग तो उचलायला वाकणाऱ्या, पुन्हा उभं राहणाऱ्या माणसाचा श्वास. लांब, ओठांतून सोडलेला.

तोमेकिचीने हात खाली केले नाहीत. म्हाताऱ्या माणसाला ओल्या फरशीवर एवढा वेळ हात वर करून उभं राहणं सोपं नसतं, पण तो राहिला.

दुसऱ्या वेळी साबण आला. भिंतीच्या कडेवरून जेमतेम, तिरपा, त्याच्या हातांना चाटून खाली पडला आणि कोपऱ्यातल्या घमेल्याखाली गेला. इवाबाईच्या यादीत आणखी एक. तो गुडघे टेकून खाली बसला, हात घालून साबण काढला, आणि उठायच्या आधी तो तसाच दोन्ही हातांत धरून ठेवला. त्याच्यावर अजून तिच्या हातांची ऊब होती.

“अहो,” पलीकडून आवाज आला, “मिळाला का?”

 त्याने भिंतीकडे पाहिलं.

“मिळाला गं,” तो म्हणाला.